पुढच्या खोलीखालची हवा

वर्क्सवर्थ, डर्बीशर
शनिवार, २४ जानेवारी

प्रिय मृणाल,

पोस्टानं आलेलं पाकीट आणि त्यावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील. सासूबाईंनी चक्क पत्र लिहिलं म्हणजे नक्की कुणीतरी गेलं. तसं काही नाही गं. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. माझे गुडघे आणि बबनरावांचा स्वभाव सोडला तर कशाचीच तक्रार नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस, शेजारी संघर्ष असतो, मांडीवर तनिषा असते, आणि मला जे सांगायचंय ते तुला एकटीला सांगायचंय. संघर्षला मराठी बोलता येतं, ‘माझी घर, तुझा आई’ करत का होईना, पण वाचता येत नाही. लहानपणी त्याला अक्षरं शिकवली नाहीत म्हणून मी आजवर स्वतःला किती बोल लावलेत, पण आज पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं.

आधी बातमी सांगते, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील. घराचा रिपोर्ट परवा आला. पुढच्या खोलीत रेडॉन पंचेचाळीस, वरच्या बेडरूममध्ये अडतीस. बेकरेल की काय ते तुमचं माप. दोनशेच्या वर गेलं तर काहीतरी करा म्हणतात आणि शंभराच्या आत असलं तर निर्धास्त राहा म्हणतात, हे मी तुला सांगावं म्हणजे कमालच झाली. तूच आम्हाला पहिल्यांदा सांगितलंस की या भागातल्या दगडातून, जमिनीतून हा वायू वर येतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि वर्षानुवर्षं बंद घरात श्वासाबरोबर आत जात राहिला तर फुप्फुसं खराब करतो. तू हेही सांगितलंस की अशा घरात मी माझ्या लेकराला झोपवणार नाही. तीन वर्षं होत आली त्याला. तनिषा चौदा महिन्यांची झाली आणि तिनं आजीआजोबांच्या घराचा उंबरा अजून ओलांडलेला नाही. मी ब्रॅकनेलला येते, चार दिवस राहते, तिला तेल लावते, पण परत येताना ट्रेनमध्ये दर वेळी मनाशी म्हणते, ही पोर आपल्या जिन्यावरून घसरत खाली कधी येणार?

आता हे पंचेचाळीस आणि अडतीस कसे आले ते ऐक. तनिषाच्या वेळी तुझ्याकडे पाच आठवडे राहून मी डिसेंबरात घरी परतले, तेव्हा बॅग ठेवायला म्हणून छपराखालच्या लॉफ्टचं झाकण उघडलं. आत हात घातला तर लाकूड ओलं. बॅटरी मारून बघते तर वाशांवर काळे काळे ठिपके, आणि खिळ्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब लोंबतायत. बबनरावांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि लगेच म्हणाले, छत गळतंय. चाळीस वर्षं संसार केलेले माझे यजमान डर्बीच्या रेल्वे कारखान्यात इंजिनियर होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं कारण त्यांना पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. चुकीचं का असेना, पण कळतं.

छपरांची कामं करणारा क्लाइव्ह नावाचा माणूस इथे आहे. साठीचा, अंगानं भरलेला, मला ‘डक’ म्हणतो. या भागात आपुलकीनं सगळ्यांनाच तसं म्हणतात. मी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलला पहिल्यांदा लागले तेव्हा एका म्हाताऱ्या पेशंटनं मला बदक म्हटलं म्हणून दोन दिवस फुगून बसले होते. तर हा क्लाइव्ह वर चढला, दहा मिनिटांनी खाली उतरला आणि म्हणाला, छत एकदम कोरडं आहे, हे पाणी तुमचंच आहे. म्हणजे काय, तर आपण खाली आंघोळ करतो, भात शिजवतो, कपडे वाळत घालतो, ती सगळी वाफ वर जाते. छताच्या कडेला हवा खेळायला फटी ठेवलेल्या असतात, तिथून ती बाहेर पडायची. पण घर उबदार राहावं म्हणून बबनरावांनी त्या फटींमध्येच इन्सुलेशनच्या गाद्या कोंबून ठेवल्या होत्या. स्वतःच्या हातानं, दोन शनिवार खपून. तुला आठवत असेल, वर काम करताना रेडिओ लावायचे आणि खाली आले की अंगभर खाज म्हणून माझ्यावर ओरडायचे.

क्लाइव्हनं गाद्या मागे ओढल्या, फटी मोकळ्या केल्या, छताला दोन जाळ्या बसवल्या. तेवढं झाल्यावर आमच्या यजमानांना हवेचं असं काही प्रेम आलं की विचारू नकोस. वाईट हवा वरूनच बाहेर जाते असं त्यांनी ठरवून टाकलं आणि लॉफ्टचं झाकण दिवसभर उघडं ठेवायला लागले. शेवटच्या दिवशी क्लाइव्हनं ते बघितलं आणि स्वतः शिडी लावून बंद केलं. म्हणाला, झाकण उघडं राहिलं की अख्खं घर धुराड्यासारखं ओढायला लागतं, गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून, थेट जमिनीतून हवा वर येते. आणि या गावात जमिनीतून काही ओढू नये, इथे रेडॉन आहे.

मी त्याला चिवडा देत होते. त्याला आपला चिवडा फार आवडतो, त्यातलं खोबरं आधी वेचून खातो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की, समजा कुणी तो गॅस इथे वर लॉफ्टमध्येच मोजला, तर काय निघेल? तो हसायलाच लागला. इथे, एवढ्या वाऱ्यात? छत काही हवाबंद नसतं, कौलांतून वारा येतच असतो. इथे तुम्ही वर्षभर मोजत बसलात तरी हाताला काही लागायचं नाही, असं म्हणाला. जिथे बसता आणि जिथे झोपता तिथे मोजायचं असतं. मला काही हसू आलं नाही. मी वाटी धरून तशीच उभी राहिले, शेवटी त्यानंच ती माझ्या हातातून घेतली.

दुसऱ्याच दिवशी मी मोजायच्या डब्या पुन्हा मागवल्या. त्याच, तू मागवल्या होत्यास तसल्या, तळहातावर मावणाऱ्या काळ्या प्लॅस्टिकच्या दोन. बबनराव म्हणाले, एकदा झालंय ना सगळं? मी म्हटलं, वरचं काम झालंय, आता परत बघायला हवं. एक डबी पुढच्या खोलीत पुस्तकांच्या शेल्फवर ठेवली, दुसरी आमच्या बेडरूममध्ये कपाटावर. बरोबर तू दाखवलेल्या जागी. तीन महिने कुणाला हात लावू दिला नाही. धूळ पुसताना फडकंसुद्धा त्यांच्या बाजूनं फिरवायचे. एप्रिलमध्ये रिपोर्ट आला. पुढच्या खोलीत चारशे सत्तर. बेडरूममध्ये दोनशे नव्वद.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आम्ही बारा वर्षं या घरात झोपतोय, हे डोक्यात नंतर आलं. आधी तू आलीस. तुझा चेहरा आला.

बबनरावांना रिपोर्ट दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. मग दुसऱ्या दिवशी त्यांना राग आला, आणि तो सगळा गेला डब्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेवर. तीन वर्षांपूर्वी आम्हाला चोवीस आणि एकतीस सांगितलं, आमच्या सुनेला खोटं पाडलं, आमचं घर मोडायची वेळ आणली, अशी दोन पानी तक्रार त्यांनी टाइप केली. इंग्रजी असं कडक की वाचून मलाच घाम फुटला. मी म्हटलं, द्या, मी टाकते पोस्टात. ती अजून माझ्या औषधांच्या ड्रॉवरमध्ये आहे. उत्तर का येत नाही म्हणून ते अधूनमधून चिडतात, आणि मी म्हणते, हल्ली सगळीकडे असंच आहे.

मग जमिनीखालचं काम करणारी माणसं आली. त्यांनी आधी घराला बाहेरून एक चक्कर मारली आणि विचारलं, भिंतीच्या तळाशी जाळीच्या विटा असतात त्या कुठे आहेत? लाकडी फरशीखाली पोकळी असते, तिच्यात हवा फिरावी म्हणून त्या ठेवलेल्या असतात. आमच्याकडे पुढच्या बाजूला तीन होत्या आणि तिन्ही बुजवलेल्या. आता हे कुणी केलं ते तुला सांगायला नको. पण का केलं, ते तुला माहीत नसेल. आपल्या पुढच्या खोलीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी वंदना असते. नॉटिंगहॅमहून, डर्बीहून माणसं येतात. बुद्धांच्या मूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावायच्या आणि त्या काही केल्या टिकायच्या नाहीत. फरशीच्या फटींतून गार वारा यायचा आणि ऐन त्रिसरणात ज्योत विझायची. एकदा तर तीन वेळा विझली आणि कमलाकरभाऊ पुटपुटले की काहीतरी अशुभ आहे. बबनरावांचं डोकं सटकलं. अशुभबिशुभ काही नसतं, वारा असतो, असं सगळ्यांना ठणकावून सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात वाऱ्याचा बंदोबस्त केला. कामाला आलेल्या माणसानं एका विटेतून सिमेंट फोडून चिंधी ओढली तर ती निघाली संघर्षच्या शाळेची मरून जर्सी. कोपराला मी लावलेलं ठिगळसुद्धा शाबूत होतं. बबनरावांनी ती हातात घेऊन झटकली. आपण बुवाबाजी मोडायला निघालो आणि घर कोंडून बसलो, असं स्वतःशीच म्हणाले.

आता त्या विटा मोकळ्या आहेत आणि फरशीखाली एक पंखा आहे, तो खालची हवा ओढून बाहेर टाकतो. चोवीस तास चालतो. कान देऊन ऐकलं तर घूं असा आवाज येतो. बबनरावांना तो आवाज आला नाही तर करमत नाही. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर जातात, पाइपापाशी हात धरून बघतात आणि आत येऊन मला सांगतात, चालू आहे. रोज. मेणबत्त्यांसाठी आम्ही लोणच्याच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या घासून घेतल्या. त्यांत ज्योत छान राहते. एवढाच उपाय होता बघ, आणि तो आम्हाला दहा वर्षं सुचला नाही.

पंखा जूनमध्ये बसला, ऑक्टोबरात मी नव्या डब्या पुन्हा त्याच जागी ठेवल्या, आणि परवा आला तो त्यांचाच रिपोर्ट. पंखा बसायच्या आधी, मे महिन्यात बुद्धजयंतीला तू तनिषाला घेऊन आली होतीस. दोन तास बागेत बसलीस, कोट घालून, त्या गारठ्यात, आणि आत मात्र आली नाहीस. मी पुरणपोळी बाहेर आणून दिली. तू सगळ्यांशी नीट बोललीस, हसलीस, कुणाला काही जाणवू दिलं नाहीस. त्या दिवशी चारशे सत्तरचा कागद आत ड्रॉवरमध्ये होता आणि मी तुला पोळीवर तूप वाढत होते. बबनरावांनी मला बजावलं होतं, आकडा खाली आल्याशिवाय पोरांना सांगायचं नाही, त्यांना लाज वाटत होती. पण त्यांच्या आड लपले ते मी. मला हवंच होतं कुणीतरी गप्प बस म्हणणारं.

बाकी घरी छान चाललंय. थंडी आहे, पण वासे कोरडे आहेत. कढीपत्त्याच्या रोपाला किचनच्या खिडकीत नवी पानं आलीत, बाहेर बर्फ असताना. बबनराव तनिषासाठी एक लाकडी गाडी करतायत. कारखान्यात असताना अख्खा डबा जोडायला जेवढा वेळ लागायचा त्याहून जास्त वेळ त्यांनी तिच्या चार चाकांना लावलाय. मला आता या घरात खरंच सुख वाटतं, मृणाल. सकाळी उठल्यावर छाती भरून श्वास घेते. आणि तो घेतानाच तुझी आठवण येते, म्हणून हे लिहायला घेतलं.

तीन वर्षांपूर्वीची जानेवारीतली वंदना तुला आठवते, मलाही आठवते. तुम्ही दोघं नॉटिंगहॅमचा फ्लॅट सोडून आपल्याकडे राहायला येणार होतात. वरच्या दोन खोल्यांचा रंगसुद्धा ठरला होता. तेवढ्यात तो पहिला रिपोर्ट आला, चोवीस आणि एकतीस. तू म्हणालीस, हे शक्य नाही, शेजारच्या घरात चारशे आहे, त्याच दगडावर आपलं घर आहे, पुन्हा मोजू या. तुझं ते शिक्षण होतं, तेच काम होतं. आणि सगळ्यांसमोर बबनराव हसत म्हणाले, आमच्या सूनबाईंना नसलेला गॅस दिसतो. सगळे हसले. मग मधुमतीताई हळूच म्हणाल्या, सासूसासऱ्यांजवळ राहायचं नसलं की माणसाला काय काय दिसतं. तेव्हा कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी चहा ओतत होते. मी मान वर केली नाही. एप्रिलमध्ये तुम्ही ब्रॅकनेलला गेलात. संघर्ष म्हणाला, जॉब चांगला आहे. मी म्हटलं, हो, चांगलाच असणार.

आता जे सांगायला हे सगळं लिहिलं ते सांगते. प्रयोगशाळेची काही चूक नव्हती. तू त्या डब्या जागेवर ठेवल्यास आणि तुझ्या आईच्या ऑपरेशनसाठी तीन महिने अकोल्याला गेलीस. जाताना म्हणालीस, आई, तुम्ही सिस्टर होतात, तुमच्यावर सोपवते. आठवडाभरातच वंदनेचा रविवार आला. मधुमतीताईंनी डबी उचलली आणि विचारलं, हे काय. मी काहीतरी थाप मारली आणि मला धडकी भरली. लोकांना कळलं की या घरात विषारी हवा आहे, तर लेकरंबाळं घेऊन इथे कोण येणार? भाड्याच्या हॉलमध्ये इतकी वर्षं काढल्यावर आपल्या माणसांना बसायला एक आपली खोली झाली होती. मी दोन्ही डब्या बुटांच्या खोक्यात घालून लॉफ्टमध्ये ठेवल्या. एका दिवसापुरत्या. मग म्हटलं, राहू देत, गॅस काय, वरच जातो, उलट वर जास्त मोजला जाईल. हे मी स्वतःला सांगितलेलं खोटं होतं. तीन महिने त्या तिथेच होत्या. तू यायच्या दोन दिवस आधी काढल्या, पुसल्या आणि पोस्टात टाकल्या. बत्तीस वर्षं वॉर्डात मी एकाही पेशंटचं सॅम्पल इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. नव्या मुलींना सांगायचे, चुकीच्या जागचं सॅम्पल हे सॅम्पल नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर कुणीतरी विश्वास ठेवतो. आणि तुझा विश्वास मी खोक्यात घालून वर ठेवला, नंतर सगळे तुला हसले तरी मी बोलले नाही. लाज वाटते, पोरी. पंचशील इथे मीच सांगायची. क्लाइव्ह येऊन गेल्यापासून ते मी कमलाकरभाऊंना सांगायला लावते, घसा बसतो म्हणून. खरं म्हणजे चौथं शील आलं की, खोटं बोलणार नाही म्हणताना, माझा आवाज निघत नाही. तू घरी ये, असं मी या पत्रात म्हणणार नाही, तो हक्क मी घालवलाय. रिपोर्ट सोबत जोडलाय, तो तुझ्या पद्धतीनं तपासून बघ, हवं तर स्वतः येऊन चौथ्यांदा मोज, आणि मग तुझ्या मनाला येईल ते कर. उद्या शेवटचा रविवार आहे. बबनरावांनाही अजून काही माहीत नाही. उद्या वंदना झाली की, चहाच्या आधी, मी उभी राहून त्यांच्यासमोर, मधुमतीताईंसमोर, सगळ्यांसमोर सांगणार आहे की मृणाल बरोबर होती आणि डब्या मी हलवल्या होत्या. ते बोलून झाल्यावरच कोट घालून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जाणार आणि हे पाकीट टाकणार, त्याआधी नाही. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात आहे, म्हणजे मी बोलले.

तुझीच,
गिरिजाआई